एकोवर हृदयाचे कप्पे मोजताना: प्रोब ठेवण्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंत

‘ईएफ ५५ टक्के, सर्व कप्पे नॉर्मल.’ एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमधल्या या एका ओळीवर फार मोठे निर्णय उभे असतात. ईएफ म्हणजे हृदयाचा डावा मुख्य कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी जेवढे टक्के बाहेर टाकतो तो आकडा. केमोचा पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा, गळणाऱ्या झडपेचं ऑपरेशन आत्ता करायचं की वाट बघायची, आयसीडी (गरज पडल्यास हृदयाला शॉक देणारं यंत्र) बसवायचा की औषधांवर भागवायचं, हे सगळं त्या आकड्यावरून ठरतं. मशीन मात्र कुठल्याही चित्रावरून आकडा देतं. चित्र तिरकं असलं तरी देतं, चुकीच्या फ्रेमवर रेघ मारली तरी देतं, आणि वर दशांश चिन्हासकट देतं. म्हणून एको शिकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: चित्र पटल्याशिवाय मोजायचं नाही, आणि एकटा आकडा कधीच मानायचा नाही. त्याला डोळ्याची आणि दुसऱ्या एखाद्या मापाची साक्ष हवी.

हा लेख एमडी-डीएमचे विद्यार्थी, एको टेक्निशियन आणि जिल्ह्याच्या-तालुक्याच्या ठिकाणी स्वतः एको करणारे फिजिशियन यांच्यासाठी आहे. मर्यादा म्हणून दिलेले आकडे बहुतेक अमेरिकन आणि युरोपियन एको संघटनांच्या २०१५ सालच्या एकत्रित मार्गदर्शक तत्त्वांतले आहेत. एलव्ही म्हणजे डावं निलय, आरव्ही उजवं निलय, एलए डावं अलिंद, आरए उजवं अलिंद. एको रूममध्ये आपण जसं बोलतो तसंच इथे लिहितो.

मोजायला बसण्याआधी

उंची, वजन आणि रक्तदाब. या तीन गोष्टी मशीनमध्ये भरल्याशिवाय प्रोबला जेल लावू नका. उंची-वजन पेशंटला विचारून नाही, मोजून घ्या. त्यावरून शरीराचं पृष्ठफळ, म्हणजे बीएसए निघतं: उंची सेंटीमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हींचा गुणाकार, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. १६२ सेंमी उंची आणि ५८ किलो वजनाच्या बाईंचा बीएसए येतो साधारण १.६२ चौरस मीटर.

आपल्याकडे ही पायरी गाळली तर जास्त नुकसान होतं. अनेक देशांतल्या निरोगी लोकांचे एको एकाच पद्धतीने मोजणाऱ्या ‘वेस’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एलव्हीची सर्वांत लहान आकारमानं भारतीयांची निघाली. त्यामुळे दीडशे सेंमी उंचीच्या, पंचेचाळीस किलोच्या बाईंची एलव्ही छापील तक्त्यात ‘नॉर्मल’ दिसेल आणि त्यांच्या अंगकाठीच्या मानाने ती खरं तर मोठी झालेली असेल. बीएसएने भागल्यावरच हे उघड होतं. लठ्ठ पेशंटमध्ये उलटं घडतं: वजनामुळे बीएसए फुगतो आणि मोठा कप्पाही भागाकारानंतर नॉर्मल भासतो. म्हणून रिपोर्टमध्ये मूळ माप आणि बीएसएने भागलेलं माप, दोन्ही द्यावीत.

रक्तदाब एवढ्यासाठी की १८० वरचा दाब ओढणारी एलव्ही आणि ११० चा दाब ओढणारी एलव्ही यांच्या ईएफची थेट तुलना होत नाही. ईसीजीच्या तारा तर हव्यातच. पडद्यावर ईसीजी नसेल तर कुठली फ्रेम प्रसरणाच्या शेवटची आणि कुठली आकुंचनाच्या शेवटची, हा निव्वळ अंदाज उरतो.

मग पेशंटची स्थिती. ‘काका, डाव्या कुशीवर वळा, डावा हात डोक्याखाली घ्या. आता श्वास हळूहळू सोडा... आणि तिथेच थांबा.’ एवढं नीट सांगितलं तरी चित्र सुधारतं. कुशीवर वळल्याने हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं, श्वास सोडल्याने मधलं फुप्फुस बाजूला होतं. मोठा श्वास घेऊन रोखायला सांगू नका, त्याने फुप्फुस पुन्हा आड येतं. डेप्थ गरजेपुरतीच ठेवा, सेक्टर अरुंद करा म्हणजे फ्रेम रेट वाढेल. गेन इतकाच ठेवा की रक्त काळं आणि स्नायू करडा दिसेल. गेन फार वाढवला की आतली कड जाड होते आणि कप्पा आहे त्यापेक्षा लहान मोजला जातो.

पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिस: जाडी आणि व्यास

पहिली मापं इथे. एलव्हीच्या लांब अक्षाला काटकोनात, मायट्रल झडपेच्या पाकळ्यांच्या टोकांशी किंवा त्यांच्या किंचित खाली रेघ टाका. प्रसरणाच्या शेवटी म्हणजे मायट्रल झडप मिटल्यानंतरच्या पहिल्या फ्रेममध्ये, किंवा व्यास सर्वांत मोठा दिसेल त्या फ्रेममध्ये, सेप्टमची (दोन निलयांमधल्या भिंतीची) जाडी, आतला व्यास आणि मागच्या भिंतीची जाडी घ्यायची.

प्रसरणातला व्यास पुरुषांत ४२ ते ५८ मिमी, स्त्रियांत ३८ ते ५२ मिमी. सेप्टम पुरुषांत १० मिमीपर्यंत, स्त्रियांत ९ मिमीपर्यंत.

एम-मोडची (एकाच रेघेवरची हालचाल नोंदणाऱ्या पद्धतीची) रेघ प्रोबच्या एका बिंदूतून निघते. हृदय जरा तिरकं असलं की ती एलव्हीला तिरकीच छेदते आणि व्यास फुगतो. एम-मोडचं आपल्यावर ऋण मोठं आहे. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एड्लर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी हृदयाची पहिली हलती नोंद घेतली, तीही उसनं आणलेलं, धातूतले दोष शोधायचं यंत्र वापरून. पण आज हलतं चित्र समोर असताना टूडी चित्रावरच मोजावं.

सेप्टम मोजताना आरव्हीच्या बाजूचा मॉडरेटर बँड किंवा स्नायूंच्या दोऱ्या जाडीत धरू नका. मागच्या भिंतीवर कॉर्डीच्या (झडपेला धरणाऱ्या दोऱ्यांच्या) रेषा चिकटलेल्या दिसतात, त्याही वगळा. वयस्कर माणसांत सेप्टमचा महाधमनीलगतचा भाग फुगीर असतो. त्या फुगवट्यावर माप घेतलं की नसलेली हायपरट्रॉफी (स्नायूची वाढ) रिपोर्टमध्ये येते.

मिलिमीटरची किंमत किती, ते मघाच्याच बाईंवर बघू. सेप्टम १२, व्यास ४८, मागची भिंत १२ मिमी. एलव्हीच्या वजनाचं सूत्र असं: तिन्ही मापांची सेंटीमीटरमधली बेरीज घेऊन तिचा घन, त्यातून व्यासाचा घन वजा, गुणिले १.०४, गुणिले ०.८, अधिक ०.६. बेरीज ७.२, तिचा घन ३७३, ४.८ चा घन १११. वजन निघतं सुमारे २१९ ग्रॅम, बीएसएने भागल्यावर १३५. स्त्रियांसाठी वरची मर्यादा ९५ आहे आणि १२२ पासून पुढे तीव्र वाढ समजतात. आता दोन्ही भिंती १२ ऐवजी ११ मोजल्या असं धरा. वजन येतं १९४ ग्रॅम, भागून १२०. ‘तीव्र’चं ‘मध्यम’ झालं. प्रत्येक भिंतीमागे एक मिलिमीटर, म्हणजे पडद्यावर कर्सर जरासा सरकला इतकंच. मापाचा घन होतो तेव्हा चुकीचाही घन होतो. म्हणून ही तीन मापं घाईत घेऊ नका. तीन ठोक्यांवर घेऊन सरासरी काढा.

मागच्या भिंतीची दुप्पट भागिले व्यास, म्हणजे सापेक्ष जाडी. इथे २४ भागिले ४८, ०.५. ही ०.४२ पेक्षा जास्त आणि वजनही वाढलेलं, म्हणून ही कॉन्सेंट्रिक हायपरट्रॉफी. वजन वाढलेलं पण सापेक्ष जाडी कमी असेल तर ती एक्सेंट्रिक. पहिली बहुधा दाबाच्या ओझ्याने येते, दुसरी रक्ताच्या वाढलेल्या आकारमानाच्या ओझ्याने.

आणि इथे थांबा. याच व्यासांवरून मशीन टाइकोल्झच्या सूत्राने ईएफही काढून देतं. तो आकडा रिपोर्टमध्ये घालू नका. तो एलव्हीच्या बुडाशी (झडपांच्या बाजूला) टाकलेल्या एका रेघेवरून सगळ्या कप्प्याचा अंदाज बांधतो. एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी धमनी) बंद पडून ज्यांचं टोक (एपेक्स) निकामी झालं आहे, त्यांच्यात बूड जोमाने आकसत असतं. तिथे टाइकोल्झ ६० टक्के दाखवतो आणि खरी ईएफ चाळिशीच्या खाली असते. हार्ट ॲटॅकच्या पेशंटना यामुळे आवश्यक औषधं उशिरा मिळतात, आणि छोट्या सेंटरमधल्या रिपोर्टांत हे अजूनही दिसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एपिकल चित्रं आणि सिम्पसन: सगळा वेळ इथे द्या

ईएफसाठी पद्धत बायप्लेन सिम्पसनची. फोर चेंबर आणि टू चेंबर या दोन चित्रांत एलव्हीची आतली कड आखायची. मशीन कप्प्याचे चकत्यांसारखे वीस काप करतं आणि त्यांची बेरीज देतं.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फोरशॉर्टनिंग, म्हणजे एलव्ही टोकातून न कापता टोकाच्या वरच्या बाजूने तिरकी कापली जाणं. ते ओळखायच्या खुणा डोक्यात पक्क्या बसवा. खरं टोक निमुळतं असतं, तिथला स्नायू पातळ असतो आणि तो जागचा फारसा हलत नाही. मायट्रलची कडी त्याच्याकडे येते. तुमच्या चित्रात टोक गोलसर, जाड आणि दर ठोक्याला मायट्रलकडे उड्या मारताना दिसत असेल, तर ते टोक नव्हेच. ती बाजूची भिंत आहे. अशा चित्रात आकारमान कमी येतं, ईएफ बहुधा फसवी चांगली येते, आणि टोकाचा इन्फार्क्ट (मेलेला स्नायू) व तिथली गुठळी दोन्ही नजरेआड राहतात.

उपाय हाताचा आहे. प्रोब एक बरगडी खाली आणि थोडा बाहेर, काखेकडे सरकवा. मग शेपूट खाली दाबून किरण पुन्हा वर, बुडाकडे वळवा. कप्पा लांब व्हायला लागला की दिशा बरोबर आहे. सर्वांत लांब दिसेल तिथे थांबा. छातीखाली खाच कापलेला पलंग असेल तर हे सोपं जातं, नसेल तर पेशंटला पलंगाच्या कडेवर आणा म्हणजे प्रोबला जागा मिळते.

फोर चेंबर मनासारखं मिळालं की प्रोब जागच्या जागी घड्याळाच्या उलट दिशेने साधारण ६० अंश फिरवा. आरव्ही पूर्ण नाहीशी झाली आणि महाधमनी अजून दिसत नाही, ते टू चेंबर. महाधमनी आली तर तुम्ही पुढे गेलात. दोन्ही चित्रांत एलव्हीची लांबी जवळपास सारखी हवी. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर ज्या चित्रात ती आखूड आहे, ते पुन्हा घ्या.

आखताना पॅपिलरी स्नायू आणि आतल्या जाळीदार दोऱ्या कप्प्यातच धरायच्या. रेघ त्यांच्या मागून, घट्ट स्नायूच्या कडेने जाते. शिकाऊ हात हमखास आत सरकतो आणि आकारमान कमी येतं. मायट्रलच्या कडीवर सरळ रेघेने बंद करा. आकुंचनाच्या शेवटची फ्रेम म्हणजे महाधमनीची झडप मिटल्यावर कप्पा सर्वांत लहान दिसतो ती. ईसीजीच्या टी लाटेवर डोळे मिटून विसंबू नका. आखून झालं की लूप दोन-तीनदा चालवून बघा, रेघ खऱ्या कडेवर आहे का.

समजा प्रसरणातलं आकारमान ११८ मिली आणि आकुंचनातलं ७२ मिली आलं. बाहेर पडलं ४६ मिली, ईएफ ३९ टक्के. आता साक्षीदार बोलवा. एलव्हीओटीचा (एलव्हीतून महाधमनीत जाणाऱ्या वाटेचा) व्यास २.० सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंमी. पल्स डॉपलरवर तिथली व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त पुढे सरकतं ते अंतर) १५ सेंमी. गुणाकार ४७ मिली. दोन वेगळ्या वाटांनी आपण जवळपास त्याच ठिकाणी पोहोचलो, तेव्हा आकडा मानायला हरकत नाही. सिम्पसनचं ३० आणि डॉपलरचं ५५ आलं असतं तर बहुधा एलव्ही आखूड कापली गेली किंवा आखणी आत सरकली. सिम्पसनचं बरंच जास्त आलं तर मायट्रलमधून रक्त मागे जातंय का, ते आधी बघा.

ईएफ पुरुषांत ५२ ते ७२, स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के. त्याखाली ४१ पर्यंत सौम्य, ३० ते ४० मध्यम, ३० च्या खाली तीव्र घट. प्रसरणातलं आकारमान बीएसएने भागून पुरुषांत ७४, स्त्रियांत ६१ मिलीपर्यंत ठीक.

सलग दोन किंवा जास्त सेगमेंटची कड दिसतच नसेल तर अंदाजाने रेघ ओढू नका. कॉन्ट्रास्टची सोय असेल तर वापरा, नसेल तर ‘चित्र अपुरं, ईएफ नजरेने अंदाजे’ असं स्वच्छ लिहा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके अनियमित असतात तेव्हा) निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्या. वेळ अगदीच नसेल तर ज्याच्या आधीची ठोक्यांमधली दोन अंतरं जवळपास सारखी आहेत असा एक ठोका शोधा.

भिंती: हलतात की जाड होतात?

सतरा सेगमेंट एकेक करून बघा आणि प्रत्येकाला गुण द्या: नॉर्मल १, कमी हालचाल २, हालचाल नाही ३, उलटी बाहेर फुगते ४. बघायचं ते आकुंचनात स्नायू जाड होतो का. नुसत्या हालचालीवर जाऊ नका. मेलेला भाग शेजारच्या जिवंत भागाच्या ओढीने हलतो, पण जाड होत नाही. याउलट लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, पेसमेकर किंवा बायपासनंतर सेप्टम विचित्र हलतो, पण जाड होत असेल तर तो जिवंत आहे.

स्ट्रेनची (आकुंचनात स्नायू किती टक्के आखडतो ते मोजायची) सोय असेल तर जीएलएस, म्हणजे सगळ्या एलव्हीचा लांबीतला स्ट्रेन, काढा. निरोगी माणसात तो उणे २० टक्क्यांच्या आसपास असतो. तो कंपनीगणिक बदलतो, म्हणून केमोच्या पेशंटची पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर करा. आधीच्या मूल्याच्या १५ टक्क्यांहून जास्त सापेक्ष घट झाली, तर ईएफ नॉर्मल असली तरी ऑन्कॉलॉजिस्टना फोन करा. टोकाचा स्ट्रेन शाबूत आणि बुडाचा गेलेला दिसला तर अमायलॉइडची (स्नायूत प्रथिन साठण्याच्या आजाराची) शंका घ्या.

डावं अलिंद

लाँग ॲक्सिसमधला एलएचा समोरून मागचा व्यास आता पुरेसा मानत नाहीत. एलए बऱ्याचदा लांबीत आणि रुंदीत वाढते. एपिकल फोर आणि टू चेंबरमध्ये, मायट्रल झडप उघडण्याच्या लगेच आधीच्या फ्रेममध्ये, आकारमान मोजा. अपेंडेज आणि फुप्फुसशिरांची तोंडं रेघेबाहेर ठेवा. एलव्हीसाठी घेतलेल्या चित्रात एलए सहसा आखूड कापलेली असते, कारण दोघींचे लांब अक्ष एका रेषेत नसतात. एलएसाठी प्रोब जरा हलवून वेगळं चित्र घ्या. दोन चित्रांतल्या लांबीत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

बीएसएने भागून ३४ मिलीपर्यंत नॉर्मल, ३५ ते ४१ सौम्य, ४२ ते ४८ मध्यम, त्यापुढे तीव्र वाढ. एलए म्हणजे एलव्हीच्या भरण्याच्या दाबाची जुनी नोंदवही. आज दिलेल्या डाययुरेटिकने (लघवी वाढवणाऱ्या औषधाने) डॉपलर बदलेल, एलए एका दिवसात बदलत नाही. मात्र आपल्याकडे अजूनही ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसचे (अरुंद झालेल्या मायट्रल झडपेचे) पेशंट येतात. तिथे एलए प्रचंड असते आणि एलव्हीचा दोष काहीच नसतो. झडप न बघता ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ लिहून मोकळं होऊ नका.

उजवी बाजू

आरव्ही चंद्रकोरीसारखी एलव्हीभोवती वळलेली आहे, म्हणून कुठल्याच एका चित्रात ती पूर्ण मावत नाही. नेहमीच्या फोर चेंबरमधून थोडं बाहेर सरकून, एलव्हीचं टोक मधोमध ठेवून, आरव्हीचं बूड सर्वांत रुंद दिसेल असं खास आरव्हीचं चित्र घ्या. बुडाशी ४१ मिमी आणि मध्यावर ३५ मिमीच्या वर गेली की ती मोठी. भिंत ५ मिमीच्या वर गेली की जाड.

कामगिरीसाठी तीन मापं. टॅप्सी (ट्रायकस्पिडच्या कडीची टोकाकडची हालचाल) १७ मिमीच्या खाली, टिश्यू डॉपलरची एस लाट सेकंदाला ९.५ सेंमीच्या खाली, आणि क्षेत्रफळातली घट, म्हणजे एफएसी, ३५ टक्क्यांच्या खाली: हे असामान्य. पहिली दोन मापं बुडाची लांबीतली हालचालच सांगतात आणि कोन चुकला की चुकतात. बायपासनंतर टॅप्सी कमी झालेला असतो, पण आरव्ही एकूण ठीक काम करत असते. तिथे एफएसी बघा. अचानक दम लागलेल्या पेशंटमध्ये आरव्हीच्या बाहेरच्या भिंतीचा मधला भाग थिजलेला आणि टोक उसळतंय असं दिसलं तर फुप्फुसातल्या गुठळीचा विचार तिथेच, प्रोब हातात असतानाच करा.

शॉर्ट ॲक्सिसमध्ये सेप्टम बघा. तो मुख्यतः आकुंचनात चपटा होत असेल तर आरव्हीवर दाबाचं ओझं आहे, फक्त प्रसरणात होत असेल तर आकारमानाचं, जसं एएसडीत (दोन अलिंदांमधल्या भिंतीला भोक असताना).

शेवटी सबकॉस्टल. आयव्हीसी (हृदयाकडे रक्त आणणारी खालची महाशीर) २१ मिमीपर्यंत आणि हुंगल्यासारखा श्वास घेतल्यावर निम्म्याहून जास्त मिटत असेल तर आरएचा दाब ३ मिमीएचजी धरा. २१ च्या वर आणि निम्म्याहून कमी मिटत असेल तर १५. मधल्या स्थितीत ८. टीआरच्या (ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताच्या) वेगाचा वर्ग गुणिले ४, त्यात हा आकडा मिळवला की आरव्हीतला आकुंचनाचा दाब. वेग ३ मीटर आणि आयव्हीसीवरून ८ असेल तर ४४.

रिपोर्ट लिहिताना

बीएसए, रक्तदाब, हृदयाची लय, चित्राचा दर्जा आणि ईएफ कुठल्या पद्धतीने काढली, या पाच गोष्टी आकड्यांच्या आधी. मागचा एको असेल तर त्याचे लूप उघडून स्वतः बघा. टूडी ईएफमध्ये दोन तपासण्यांत ५ ते १० अंकांचा फरक नुसत्या तंत्रामुळेही पडतो. मागचे ५८ आणि आजचे ५२ दिसले म्हणून ‘ईएफ घसरली’ लिहिण्याआधी आकुंचनातलं आकारमान खरंच वाढलंय का, ते तपासा.

गळणारी मायट्रल असेल तर नॉर्मलच्या तक्त्यावर अवलंबून राहू नका. प्रायमरी तीव्र गळतीत ईएफ ६० पर्यंत उतरली किंवा आकुंचनातला व्यास ४० मिमीला पोहोचला की लक्षणं नसली तरी ऑपरेशनचा विचार सुरू होतो, कारण निम्मा भार मागे, कमी दाबाच्या एलएमध्ये टाकता येत असल्याने एलव्ही आहे त्याहून बरी दिसते. अशा पेशंटच्या रिपोर्टवर ‘ईएफ ५८, नॉर्मल’ एवढंच लिहून पाठवू नका. दोन्ही आकडे ठळक लिहा आणि रेफर करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.